तुरटीच्या खड्याने फोडलेली शाई

मित्रांनो, ओळखलंत का मला? नसेल ओळखलं, तर दाढी करताना गाल कापून घेणाऱ्या एखाद्या काकांना विचारा. मी एक जुना तुरटीचा खडा आहे, न्हाव्याच्या दुकानातला. पूर्वी साबणाच्या वडीएवढा होतो, आता सुपारीएवढा उरलोय.

आमचा मालक भारी वात्रट. वस्तरा लागला की मला गालावर घासायचा आणि म्हणायचा, "कापलं नाही हो, सही केली!" गिऱ्हाईक कळवळायचं, मी मनातल्या मनात खिदळायचो.

पण माझा खरा खेळ बादलीत. गढूळ पाण्यात मातीचे बारीक कण असतात. सगळ्यांच्या अंगावर एकाच प्रकारचा विजेचा भार, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि तरंगत राहतात. मी विरघळलो की माझे क्षार त्यांना चिकटतात आणि तो भार मारून टाकतात. मग ढकलाढकली संपते, कण एकमेकांना बिलगतात, गोळे होऊन तळाशी बसतात. वर पाणी नितळ! मालक मला दोन फेऱ्या फिरवायचा आणि लगेच बाहेर काढायचा.

त्या दिवशी नळाला चहासारखं पाणी आलं. मालक गप्पांत रंगला आणि मला बादलीतच विसरला. मी मजेत डुंबत राहिलो, विरघळत राहिलो.

दुपारी शेजारच्या वहिनी आल्या. मालकाच्या भावजय. छापखाना बंद पडल्यापासून घरी बसून होत्या. शाळेची प्रशस्तिपत्रं सुंदर अक्षरात लिहायची, हे त्यांना मिळालेलं पहिलंच काम. काजळीत जेमतेम डिंक घालून शाईही स्वतःच घोटायच्या.

"भावजी, तांब्याभर स्वच्छ पाणी द्या. शाई पातळ करायचीये."

"घ्या की! आरसा आहे आरसा!"

त्या आरशात मी होतो, मित्रांनो. दिसत नव्हतो, एवढंच.

काजळीचे कणही मातीसारखेच एकमेकांना ढकलून तरंगतात. मी तिथेही तोच खेळ केला. शाई नासलेल्या दुधासारखी फुटली. कागदावर खरखरीत ठिपके उमटले, वाळल्यावर बोट लावलं की गळायला लागले.

"वहिनी, अक्षरं आहेत की मुंग्यांची मिरवणूक?" मालक हसला.

वहिनी हसल्या नाहीत. संध्याकाळी शाळेचे कारकून कोरे कागद परत घेऊन गेले. "राहू द्या बाई, छापून घेतो." वहिनींना वाटलं, आपलंच घोटणं कमी पडलं. सगळी शाई त्यांनी मोरीत ओतली. बादलीच्या तळाशी मी अजून विरघळतच होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या खोडीचं हसू आलं नाही.

सकाळी मालकाने त्याच पाण्याने चूळ भरली आणि त्याचं तोंड आक्रसलं. "शी! केवढं तुरट!" त्याने बादलीत हात घातला. मी हाताला लागलो, निम्मा झालेला. त्याचा चेहरा उतरला. तसाच तांब्या भरून तो शेजारी धावला. मागून गिऱ्हाईक ओरडलं, "अहो, माझी अर्धी दाढी!"

"वहिनी, चाखून बघा."

वहिनींनी घोट घेतला. त्यांचंही तोंड आवळलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझी शाई बरी होती?"

"शाई झकास होती. माती मीच खाल्ली."

मालक शाळेत धावला, पण तोवर छपाई सुरू झाली होती. काम गेलं ते गेलंच. त्याने माफी मागितली. मला तेवढंही करता आलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो मित्रांनो, मला दोन फेऱ्या फिरवा आणि बाहेर काढा. पाणी नितळ दिसलं, तरी त्यात काही नाही असं समजू नका.

आता मी कोरड्या फळीवर असतो. वहिनींनी पुन्हा शाई घोटली आणि पहिली पाटी लिहिली ती माझ्या डोक्यावरची : 'पाण्यात विसरू नये.' काळीभोर, गुळगुळीत अक्षरं आहेत. मालक येता-जाता त्यांच्यावर बोट फिरवून बघतो.

अजून एकही कण गळलेला नाही.