बारा तव्यांतले पाच

१९ जानेवारी १९७८, गुरुवार. सकाळी नऊ चाळीसला मुंबईच्या समितीची जीप सोलापुरात साखर पेठेतल्या महिला उद्योग केंद्रापुढे थांबली, तेव्हा आतल्या बारा तव्यांपैकी सात तापले होते. पाच थंड होते. त्या पाच तव्यांवर बसणाऱ्या पाचही मुसलमान बायका आल्या नव्हत्या.

समिती नेमकी त्यांनाच पाहायला आली होती. बायका आणि अल्पसंख्य एका छपराखाली उद्योग करतात असं जिल्ह्यात हे एकच केंद्र. शेरा चांगला पडला तर औद्योगिक वसाहतीत पक्की शेड. नाही पडला तर मार्चअखेर या भाड्याच्या गोदामाला कुलूप.

सल्लागार हेमावती हत्तुरे पाहुण्यांना सामोरी गेली. सहा वर्षं ती गावोगावी अशी केंद्रं उभी करत होती. करमाळ्यात शेवया, टेंभुर्णीत पापड, करकंबला गोधड्या. सगळीकडे पहिलं वर्ष हारतुऱ्यांचं आणि दुसरं कुलपाचं. महिनाभर टिकणाऱ्या कडक भाकरीचं हे केंद्र तेवढं तीन वर्षं टिकलं होतं. भिंतीवर तिनेच निळ्या रंगात लिहून घेतलं होतं : ‘उद्योगाला जात नसते.’

“बाकीच्या येतायत. तुम्ही नाश्ता करून घ्या,” असं समितीच्या अध्यक्षांना सांगून ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि टांग्यात बसली. बायका का आल्या नाहीत, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी गुरुबसप्पा शेठ केंद्रात आले होते. बाजारातले मोठे व्यापारी, हेमावतीच्या वडिलांच्या बैठकीतले. एक भाकरी त्यांनी उजेडाकडे धरली. कागदासारखी पातळ, कडेला बोटांचे बारीक ठसे, कुठे तडा नाही. “हेमा, ही कुणाच्या हातची गं?”

ती भाकरी त्या पाच जणींतल्या खातूनबीची होती. पण शेठजींच्या घरी भाकरीला परका हात चालत नाही, त्यांच्या गिऱ्हाइकांच्याही घरी चालत नाही, हे हेमावती लहानपणापासून बघत आली होती. पलीकडच्या तव्याकडे बोट करून ती म्हणाली, “आपल्या चंद्रव्वाच्या.”

तेव्हापासून केंद्राचा बारा आणे माल शेठजी उचलत होते. गड्ड्याच्या जत्रेत केंद्राचा स्टॉल लागला, तेव्हा “गर्दी फार असते” असं सांगून हेमावतीने त्या पाच जणींना घरीच थांबवलं. आणि काल केंद्रात संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. शेठजींनी चंद्रव्वाला पुढे बोलावून, सगळ्यांदेखत, हिरवी इरकल साडी दिली. “सोलापुरात असा हात नाही,” म्हणाले. चंद्रव्वाने हेमावतीकडे पाहिलं. हेमावतीने टाळ्या वाजवल्या.

विजापूर वेशीत त्या पाच जणींच्या बोळात भाकरीचा वास आधी आला. खातूनबी आपल्या दारातल्या चुलीपाशी बसून थापत होती. बाकीच्या चौघी उंबऱ्यावर.

“आव मॅडम, बैठो. साडी नेसून दाखवली का चंद्रव्वाने?”

“खातून, जीप आलीय. सगळं अडलंय तुमच्यापायी. चला.”

“जीपवाले इचारतील की, भाकर कुनाची. काय सांगनार?”

“तुझी. तुझंच नाव सांगणार.”

“आन् शेठला?”

हेमावतीने टांग्याकडे पाहिलं. उंबऱ्यावरची एक म्हणाली, “शेठको बोलेंगे, मॅडमने खुद थापी!” चौघी हसल्या. खातूनबी हसली नाही.

“साडी नको मला,” ती म्हणाली. “साड्या लई हायत. तुमी शेठच्या दुकानात चला. गिऱ्हाईक उभं असताना बोला, ही भाकर खातूनबीची. मग मी जीपवाल्याफुडं बसते, दिवसभर बसते.”

“माल घ्यायचे बंद होतील ते. बारा तवे थंड पडतील, खातून.”

“आज पाच थंडच हायत की.”

तिने पिठाचा गोळा उचलला. हेमावती टांग्याकडे वळली. शेठजींना सांगून टाकावं, असं तिला वाटेत दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा सात तव्यांवरच्या सात बायका डोळ्यापुढे आल्या. त्यांच्या मागे पक्की शेडही आली. ती तिने बाजूला सारली नाही.

केंद्रात परतली तर अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीत गुरुबसप्पा शेठ बसलेले. खात्रीचं गिऱ्हाईक म्हणून समितीला दाखवायला तिनेच बोलावले होते. अध्यक्ष शेंगाचटणी लावून भाकरी खात होते. परवाच्या थप्पीतली, बोटांच्या ठशांची.

“अप्रतिम,” अध्यक्ष म्हणाले. “आपल्या मायनॉरिटी भगिनींच्या हातची ना ही?”

शेठजींचा घास थांबला. “छे हो साहेब! ही आमच्या चंद्रव्वाची. काल साडी दिली मी तिला.”

दोघेही हेमावतीकडे बघू लागले. सात तव्यांवरची थापथाप बंद पडली.

“ही केंद्राची भाकरी आहे,” हेमावती म्हणाली. “इथे भाकरीला एकीचं नाव नसतं.”

अध्यक्षांना वाक्य आवडलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. शेठजींनीही मान डोलावली आणि घास तोंडात टाकला. चंद्रव्वाच्या तव्यावरची भाकरी करपली. तिने ती उलथली नाही.

उठताना अध्यक्ष म्हणाले, “त्या पाच जणींची भेट राहिली. हरकत नाही. इथे काम करतो असं निवेदन त्यांच्या सह्या-अंगठ्यांनिशी आठ दिवसांत पाठवा. मग शेड तुमची.” जीप गेली. शेठजीही गेले.

चंद्रव्वा हात धुऊन समोर आली. “मॅडम, माज्या भाकरीच्या कडा फाटत्यात. सगळ्या पेठेला ठाऊक हाय. साडी घेताना माजी मान वर झाली न्हाय, बघितलं तुमी. तरी टाळ्या वाजवल्या.”

“तू तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुमी शिकलेल्या. मला वाटलं, तुमी बोलाल.”

निवेदन हेमावतीने त्याच दुपारी टाइप करून घेतलं. दोनदा माणसाबरोबर विजापूर वेशीत पाठवलं, दोनदा कोरं परत आलं, ‘आदी शेठच्या दुकानात बोला’ एवढ्याच निरोपासह. ती स्वतः गेली नाही. दरम्यान शेठजींच्या दुकानातून निरोप आला, की या खेपेच्या भाकऱ्या पोत्यातच मोडल्या, चंद्रव्वाची तब्येत बरी आहे ना?

२७ जानेवारी, मुदतीचा शेवटचा दिवस. दुपारी दोन वाजता चंद्रव्वाने इरकल साडी, घडीही न मोडलेली, पिशवीत घातली, टेबलावरचं निवेदन उचललं आणि कुणाला काही न सांगता ती निघाली. विजापूर वेशीकडे जाताना तिला पेठेतल्या दोघांनी पाहिलं. शेठजींचं दुकानही त्याच वाटेवर आहे.

टपाल साडेपाचला निघतं. पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत ती परतली नव्हती.