डॅशबोर्डातलं भोक

दातांच्या डॉक्टरांनी तीस वर्षांत लोकांच्या दाढांना किती भोकं पाडली, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पेशंट ओरडायचा आणि डॉक्टर गुणगुणत राहायचे. पण स्वतःच्या गाडीच्या डॅशबोर्डाला एक भोक पाडायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

गाडी त्यांच्या वडिलांची. गडद हिरवी, साठी उलटलेली. तिचं निम्मं आयुष्य चालण्यात गेलं होतं आणि निम्मं पुसून घेण्यात. जुन्या गाड्यांच्या मंडळात डॉक्टर छाती फुगवून सांगत, "एक स्क्रू बदललेला नाही. बाबांनी घेतली तशीच्या तशी आहे." हे वाक्य त्यांच्या बायकोला आता झोपेतही ऐकू यायचं.

कटकट सुरू झाली ती लेकीच्या गावी जाताना. बायको, आई आणि डॉक्टर असे तिघं निघाले होते. अर्ध्या वाटेत बायकोच्या मोबाइलने मान टाकली आणि रस्ता दाखवणारं कुणी उरलं नाही. डॉक्टरांचा मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला, तो तिथेच राहिला होता. गाडीत चार्जर लावायला सॉकेट नाही, कारण ती बनली तेव्हा मोबाइल कुणाच्या स्वप्नातही नव्हता. डॉक्टर अंदाजाने वळत गेले आणि शेवटी एका वीटभट्टीच्या आवारात जाऊन थांबले. तिथून सुटका व्हायला तीन तास लागले. तेवढ्या वेळात एक्याऐंशी वर्षांच्या आईंना विटांच्या ढिगाआड जावं लागलं, आणि आडोशाला सुनेने छत्री धरली.

घरी पोचल्यावर बायको म्हणाली, "आधी सॉकेट बसवा. तोवर मला त्या गाडीत बसवू नका."

"अगं, अक्रोडाचं लाकूड आहे ते! त्याला भोक पाडायचं?"

"दवाखान्यात रोज दुसरं काय करता?"

"तिथे दाढ किडलेली असते."

"इथे डोकं किडलंय."

एका रविवारी सकाळी त्यांनी मनाशी ठरवलं, लाकडाला हात लावायचा नाही. डॅशबोर्डाखाली लोखंडी पट्टी आहे, तिलाच सॉकेट लटकवायचं. एका तरुणाचा व्हिडिओ दोनदा पाहिला. त्यात तो म्हणत होता, "लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी कुठेही पत्र्याला. झालं काम!" डॉक्टरांनी तसंच केलं. चार्जर लावला. ढिम्म. मग त्यांनी स्वतःची अक्कल लावली आणि काळी वायर पत्र्यावरून काढून थेट बॅटरीच्या मायनसला जोडली. मघाशी काहीच होत नव्हतं, आता एकदम सगळंच झालं. फट् आवाज आला, वायरीवरचं प्लास्टिक वितळून टपकू लागलं आणि बॉनेटखालून काळा धूर निघाला. डॉक्टरांनी फडक्याने वायर हिसकून काढली, पण त्यात उजवी भुवई निम्मी गेली.

वरून गॅलरीतून आई ओरडल्या, "काय रे जळतंय?"

"काही नाही, आई!"

"मग त्या काही-नाहीवर पाणी ओत!"

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत दोन गल्ल्या पलीकडे नेली. तिथे गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. मालकीण पंचावन्नची, अंबाड्यात टेस्टर खोचलेली. सगळे तिला करंटताई म्हणत. तिने बॉनेट उघडलं, बॅटरीकडे पाहिलं, डॉक्टरांच्या भुवईकडे पाहिलं आणि पोट धरून हसली.

"डॉक्टर, ह्या गाडीचं सगळं उलटं आहे. आताच्या गाड्यांत पत्रा म्हणजे मायनस. हिच्यात पत्रा म्हणजे प्लस. तुमच्या सॉकेटची बाहेरची वाटी मायनसची, आणि ती तुम्ही पत्र्याला टेकवलीत. त्यात फ्यूजही नाही. वायर जळली म्हणून भागलं, नाहीतर गाडीसकट तुमचे फोटो काढायला लोक आले असते."

"मला माहीत होतं ते," डॉक्टर म्हणाले. माहीत नव्हतं. वीस वर्षं त्यांनी ती गाडी फक्त पुसली होती.

करंटताई डॅशबोर्डाखाली उताणी शिरली. बाहेर फक्त तिच्या चपला दिसत होत्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "इथे तर भोक आहे की!"

"शक्यच नाही."

"राखदाणीशेजारी. लाकडाचं बूच मारून वरून पॉलिश केलंय. मागे जुनी वायरही आहे. सिगारेट लायटरचं भोक आहे हे. आणि डॉक्टर, हे बॅटरीचं मीटर ट्रॅक्टरचं आहे बरं का. वायपरचं बटण बहुतेक टेबलफॅनचं."

डॉक्टर जवळच्या टायरवर मटकन बसले. मीटर, बटण एकवेळ पचलं असतं. पण सिगारेट? बाबा? डॉक्टर कॉलेजात असताना त्यांच्या एका झुरक्यावरून ज्यांनी तासभर भाषण दिलं होतं, ते बाबा? भाषण ऐकून डॉक्टर रडले होते. पुढे दवाखान्यात प्रत्येक विडीबाजाला त्यांनी तेच भाषण पाठ म्हणून दाखवलं होतं.

घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "आई, बाबा सिगारेट ओढायचे?"

आई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "तुझे बाबा? छे! उदबत्तीच्या धुराने शिंका यायच्या त्यांना."

"मग गाडीत लायटर कशाला बसवला?"

"माझ्यासाठी."

स्वयंपाकघरातून बायको पळीसकट बाहेर आली.

"असे काय बघताय?" आई म्हणाल्या. "घरात सासूबाई. त्यांच्या नाकाला गल्लीच्या टोकाचा वास कळायचा. बाहेर काड्या लावायला जावं तर वाऱ्याने विझायच्या. मग ह्यांनीच स्वतः गिरमिट घेऊन भोक पाडलं. तेही जरा वाकडंच. दर शनिवारी 'बँकेत जाऊन येतो' म्हणायचो आणि गावाबाहेर जाऊन गाडी उभी करायचो. मी दोन ओढायची. हे नाकाला रुमाल लावून बसायचे."

"दोन?"

"कधी तीन. तुझ्या वेळी नऊ महिने सोडली होती हो, उगाच डोळे वटारू नकोस. मग तू चार वर्षांचा असताना लायटरला बोट लावलंस आणि भाजून घेतलंस. त्याच दिवशी मी सोडली आणि ह्यांनी बूच मारलं."

डॉक्टरांनी तर्जनीवरचा गोल डाग पाहिला. तो इस्त्रीचा, असं त्यांना पन्नास वर्षं सांगितलं गेलं होतं.

"आई, तुझे दात..."

"बत्तीसच्या बत्तीस माझे आहेत. तुझे किती आहेत ते सांग."

त्या संध्याकाळी डॉक्टर दवाखान्यात उशिराने गेले. पहिल्या पेशंटच्या दातांवर विड्यांचे डाग होते. भाषण ओठांवर आलं, पण डोळ्यांपुढे नाकाला रुमाल लावून शिंकत बसलेले बाबा आले. शेजारी खिडकीबाहेर धूर सोडणारी तिशीतली आई. त्या माणसाने बायकोसाठी अक्रोडाच्या लाकडात हाताने भोक पाडलं होतं, आणि आपण व्हिडिओ बघत बसलो. डॉक्टरांना स्वतःचीच लाज वाटली, मग हसूही आलं. पेशंटला वाटलं, आपल्या दातांना हसतायत.

दुसऱ्या दिवशी करंटताईने बूच काढलं. भोक खरंच वाकडं होतं. तिने ते सरळ करू का विचारलं, तर डॉक्टर नको म्हणाले. त्यात तिने प्लास्टिकच्या नळीत सॉकेट बसवलं, म्हणजे पत्र्याशी संबंध नको. बॅटरीपासून दोन स्वतंत्र वायरी ओढल्या आणि मायनसच्या वायरीवर फ्यूज टाकला. बायकोने मोबाइल लावून पाहिला. हिरवा दिवा लागला.

पुढच्या रविवारी तिघं पुन्हा लेकीकडे निघाले. रस्ता एकदाही चुकला नाही. बायको मात्र वाटभर आईंना खोदून खोदून विचारत होती, कुठली ओढायच्या, कोण आणून द्यायचं, पहिली कुणी दिली. पोचल्यावर लेक फाटकाशी आली. आईंनी काठी टेकण्याआधीच तिला सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. तिघी इतक्या हसल्या की शेजारची माणसं खिडकीत आली. डॉक्टर डिकीतून बॅगा काढत राहिले.