गेली सुरकुती, जाऊ दे

लॉन्ड्रीत तिला सगळे खळबाई म्हणत. कपड्यांना घालायच्या खळीवरून पडलेलं नाव. पाठ ताठ, मान ताठ, बोलणं त्याहून ताठ, आणि तिच्या हातून गेलेली चादर अशी कडक की तिच्यावर झोपायला माणसाने आधी परवानगी मागावी. शहरातल्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत. खळबाईची जागा रोलरपाशी. रोलर म्हणजे आडवा, लांबलचक, तापलेला लोखंडी दंडगोल. ओली चादर अलीकडून आत घालायची, पलीकडून ती कोरडी होऊन बाहेर येते. चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची आणि एकदम सोडायची. सोडताना चादरीकडे बघायचं नाही, जोडीदारणीच्या तोंडाकडे बघायचं. तिची हनुवटी हलली की सोडायचं.

आणि एक नियम होता. चादर आत जाताना सुरकुती पडली तरी हात तिच्या मागे न्यायचा नाही. "गेली सुरकुती, जाऊ दे," असं मोठ्याने म्हणायचं आणि बाहेर आली की ती चादर बाजूला टाकायची. हे म्हणायची पद्धत खळबाईनेच पाडली होती. नव्या आलेल्या प्रत्येकीकडून ती हे पाठ करून घ्यायची, आणि जिचा हात पुढे जाईल तिच्या हातावर चापट मारायची. एवढं करून शेवटी हात गेला तो तिचाच.

जोडीला रेडिओ होती. ते नाव का पडलं हे सांगायला नकोच. सकाळी यंत्रं सुरू व्हायच्या आधी ती सुरू व्हायची आणि यंत्रं बंद झाल्यावरही तिला बंद करायचं बटण कुणाला सापडलेलं नव्हतं. त्या दिवशी ती विनोद सांगत होती. एक माणूस आरशाच्या दुकानात जातो. म्हणतो, मी तरुण दिसेन असा आरसा द्या. दुकानदार म्हणतो, आहे की, पण तो जरा लांबून बघावा लागतो. माणूस विचारतो, किती लांबून? नेमकी तेव्हाच खळबाईला चादरीच्या काठावर सुरकुती दिसली. हसता हसता, नकळत, तिचा उजवा तळवा त्या सुरकुतीच्या मागे गेला.

रेडिओने रोलर थांबवायच्या लाल दांडीवर अंग टाकलं म्हणून हात वाचला. मांडीची कातडी काढून डॉक्टरांनी भाजलेल्या तळव्याला लावली, बोटं एकेक करून वळायला शिकवली. बरेच महिने गेले. मग एक दिवस हाताचे डॉक्टर म्हणाले, "हात आता चालतोय. तुम्ही तो चालवत नाही आहात."

खरंच होतं ते. उजवा हात कायम स्वेटरच्या बाहीत. जेवण डाव्या हाताने, गुंड्या डाव्या हाताने, त्यासुद्धा चुकीच्या काजात. किटलीतून वाफ फुसकन सुटली की ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसायची आणि उठायला तिला बराच वेळ लागायचा. आणि घरातल्या चादरी तर तिला डोळ्यांसमोर नको झाल्या होत्या. तिचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा, आणि स्वतःही कुलपासारखाच मुका. त्याने एक शब्द न बोलता सगळ्या चादरी घडी घालून ट्रंकेत ठेवल्या आणि उघड्या गादीवर झोपायला लागला. तिने विचारलं तर म्हणाला, "असंच बरं वाटतं. गार लागतं." जिच्या चादरी सगळं शहर अंथरत होतं तिच्या घरात अंथरायला चादर नव्हती. या गोष्टीची तिला इतकी लाज वाटे की ती कुणाला घरी येऊच देत नसे.

मुकादमाने तिची जागा ठेवली होती. तो निरोप पाठवायचा, घडीच्या टेबलापासून सुरुवात कर, रोलरचं पुढे बघू. ती नवऱ्याला म्हणायची, "चादर धरता येत नाही, आणि म्हणे खळबाई." पुन्हा चादर हातात धरता येईल का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर ती मनात कधीच देऊन बसली होती.

डॉक्टरांनी तिला समुपदेशनाला जायला सांगितलं तेव्हा ती भडकली. "मला वेड लागलंय का?"

"हाताला व्यायाम दिला तेव्हा असं नाही विचारलंत," डॉक्टर म्हणाले.

समुपदेशक बाईंची खोली लहानशी. दोन खुर्च्या, एक टेबल, आणि टेबलावर सुरकुत्यांनी भरलेला टेबलक्लॉथ. पहिल्या वेळी खळबाई काही बोललीच नाही. सगळा वेळ ती त्या टेबलक्लॉथकडे बघत बसली आणि मनातल्या मनात जळत राहिली. दुसऱ्या खेपेला मॅडम तिच्या झोपेबद्दल विचारत असताना बाहीतून उजवा हात बाहेर आला आणि कोपऱ्यातली एक सुरकुती सारखी करून परत आत गेला. तिला पत्ताच नाही. दाराशी निरोप घेताना मॅडम म्हणाल्या, "आज तुमचा उजवा हात बाहेर आला होता."

खळबाई ओशाळली आणि ओशाळली की ती चिडायची. "त्या कापडाला इस्त्री करत जा."

"मला येत नाही," मॅडम म्हणाल्या.

आपल्याला बोलतं करायला मुद्दाम चुरगळलेलं कापड घालतात, असा खळबाईला दाट संशय होता. पण पुढच्या खेपेला मॅडमच्या शर्टाची कॉलर पाहिली आणि तिची खात्री पटली की बाई खरं बोलतात. तिथून तिचा त्यांच्यावर विश्वास बसायला लागला.

मॅडम सोपं करून सांगायच्या. "मनाने एकदा तुम्हाला वाचवायला आरडाओरडा केला. आता वाफ दिसली की ते पुन्हा ओरडतं. संकट टळलंय, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. ते आपण सांगायचं, सावकाश." मग वाफ ऐकू आली की पाय जमिनीवर घट्ट टेकायचे, श्वास लांब सोडायचा, समोर दिसतील त्या वस्तूंची नावं घ्यायची. नवऱ्याच्या हे लक्षात आलं. किटली चढवली की तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा आणि तिच्याबरोबर हळूच म्हणायचा, "खिडकी. बरणी. झाडू." त्या घरात नवराबायकोचं इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं मात्र नाही. मध्येच एकदा मॅडमकडे जाताना रस्त्यात ट्रकच्या ब्रेकची हवा फुसकारली आणि ती अर्ध्या वाटेवरून घरी पळाली. नंतर बरेच दिवस गेलीच नाही. परत गेली तेव्हा मॅडमनी जाब विचारला नाही. त्या म्हणाल्या, "आलात, बरं झालं," आणि तिला रडू कोसळलं.

त्यानंतर त्या दिवसाची हकिगत सांगायला सुरुवात झाली. जमेल तेवढी सांगायची, जमलं नाही की थांबायचं. दर वेळी खळबाई एकाच जागी अडायची. माणूस विचारतो, किती लांबून? पुढे काही नाही.

"नियम माझाच," एक दिवस तिने सांगून टाकलं. "बायांच्या हातावर चापट्या मारायचे मी. आणि स्वतः काय केलं? आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

"तुमच्या हाताखालच्या एखादीचा हात गेला असता, तर तिला काय म्हणाला असतात?"

खळबाईने विचार केला. "आधी ओरडले असते. मग घरी जाऊन तिला भरवलं असतं."

"ओरडून तर पुष्कळ झालंय," मॅडम म्हणाल्या. "रोलर कुणी थांबवला?"

"रेडिओने." आणि मग तिच्या पोटातला खरा राग वर आला. "एकदासुद्धा आली नाही बघायला! इतकी वर्षं समोरासमोर उभ्या राहिलो. तिचं तोंड मला माझ्या तोंडापेक्षा जास्त पाठ आहे. साधं विचारायला नको?"

"ती का आली नाही, हे तुम्ही तिला विचारलंत?"

नव्हतं विचारलं. मुकादमाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "रेडिओ कसली आता? तुझ्या मागे ती बंदच पडलीय. रोलर सोडला, घडीच्या टेबलावर असते. गोष्ट नाही, विनोद नाही. आम्हाला आमचेच आवाज ऐकू येतात, कंटाळा आलाय."

खळबाईने लॉन्ड्रीत जायचं ठरवलं. मॅडम तिच्याबरोबर यायला तयार होत्या. खळबाई म्हणाली, "नको, तुमचे कपडे बघून लोक म्हणतील गिऱ्हाईक आलंय." नवरा फाटकापर्यंत आला आणि तिथल्या कुलपात काहीतरी बिघाड शोधत थांबला.

आत वाफ होती, आवाज होता. खळबाईचे पाय दारातच थिजले. तिने पाय टेकले, श्वास सोडला. बादली. पंखा. टोपल्या. घडीचं टेबल. टेबलापाशी रेडिओ. वाळली होती बिचारी. खळबाईला पाहून तिच्या हातातली चादर खाली पडली.

"मी आले नाही," रेडिओ म्हणाली. "काय तोंड घेऊन येणार होते? माझ्या वटवटीपायी तुझा हात..."

"तुझ्यापायी?" खळबाई म्हणाली. "अगं, तुझ्यामुळे तो जागेवर आहे. मी इतके दिवस समजत होते की तू माझ्यावर नाराज आहेस. नियम मोडला म्हणून."

"वेडी आहेस का?"

"तसं नाहीये म्हणे. विचारून आलेय."

रेडिओला हसावं की रडावं कळेना. तिने चादर उचलली आणि सवयीने एक बाजू पुढे केली, मग चटकन मागे घेतली. खळबाईने डाव्या हाताने एक टोक पकडलं. दुसरं लोंबत राहिलं. रेडिओ थांबली. आजूबाजूच्या बाया आपापल्या घड्यांत भलत्याच गुंतल्या. हळूहळू स्वेटरच्या बाहीतून हात बाहेर आला, गुलाबी, ताणलेल्या कातडीचा, आणि त्याने लोंबणारं टोक धरलं. खळबाईने खाली बघितलंच नाही, ती रेडिओच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मग?" ती म्हणाली. "किती लांबून?"

"काय?"

"दुकानदार काय म्हणाला? अर्धवट टाकलास विनोद. इतके महिने त्या दुकानात उभी आहे मी."

रेडिओचे ओठ हलले. आवाज फुटायला वेळ लागला. "तो म्हणाला... आरसा इथेच राहू दे. तुम्ही घरी जाऊन बघा."

खळबाई म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"यासाठी मी..." आणि तिला हसू फुटलं. रेडिओलाही फुटलं. दोघी चादर ताणून, डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून तशाच ओल्या गालांनी हसत सुटल्या. रेडिओची हनुवटी हलली. घडी पडली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, "पुढच्या आठवड्यापासून घडीच्या टेबलावर जाणार आहे. अर्धा दिवस. मॅडमकडेही जायचंच आहे अजून." मग म्हणाली, "अहो, ट्रंक उघडा."

त्याने चादर काढली. गादीच्या दोन बाजूंना दोघं उभी राहिली. त्याला चादर धरायची अक्कल नव्हती. ती पसरता पसरता त्याला आरशाचा विनोद सांगत होती, आणि तो सगळं लक्ष देऊन ऐकत होता, त्यामुळे त्याच्या बाजूला काठाजवळ एक लांब सुरकुती पडली. खळबाईचा उजवा हात सुरकुतीकडे निघाला. निम्म्या वाटेत थांबला.

"काय झालं?" त्याने घाबरून विचारलं.

"काही नाही," खळबाई म्हणाली. "गेली सुरकुती, जाऊ दे." आणि तो हात तिने उशीवर टेकला.