सत्त्याण्णव अंश

बेचाळीस वह्यांपैकी एकेचाळीस वह्यांत पाणी बरोब्बर शंभर अंशांवर उकळलं होतं. साडेनव्याण्णव नाही, शंभराच्या जरा वर नाही, शंभर म्हणजे शंभर! इतकं शिस्तीचं पाणी असतं कुठे, हा प्रश्न विज्ञानाच्या बाईंना चोवीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. पडणार कसा? त्या शाळेत प्रयोगाची वही थोरल्याला आखूड झालेल्या स्वेटरसारखी धाकट्याकडे यायची आणि निरीक्षणं प्रयोगाच्या आदल्या दिवशीच उतरवून व्हायची. मागे कधीतरी कुणाचा तरी बर्नर मध्येच विझला होता आणि त्या भाबड्या जिवाने 'बर्नर विझला, पुन्हा पेटवला' असं लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून दरवर्षी दहा-अकरा मुलांचा बर्नर विझायचा. बाई त्यावरही बरोबरची खूण करायच्या.

बेचाळिसावी वही खुंटीची होती. हे नाव तिला वर्गाने दिलेलं, कारण ओरडा, समजवा, बाहेर उभी करा, पोरगी जागची हलायची नाही. तिला ना मोठी बहीण, ना भाऊ. वही देणार कोण? मग तिने चक्क थर्मामीटरकडे बघून आकडा लिहिला. ९७.

बाईंनी त्यावर लाल काट मारली आणि शेजारी लिहिलं, '१००. पुन्हा लिहा.' वही परत आली. आकडा ९७च, आणि खाली प्रयोगाच्या दिवशी मिनिटामिनिटाने कच्च्या कागदावर टिपलेली पाच निरीक्षणं. पाचही सत्त्याण्णव. बाईंनी पुन्हा काट मारली. तिसऱ्यांदा वही आली ती बारीक अक्षरातल्या एका वाक्यासकट, 'थर्मामीटर तळाला टेकला नव्हता.'

आता मात्र बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी मधल्या सुट्टीत तिला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं.

"उद्या शुक्रवार. उद्या सह्या. वहीवर माझी सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, बाई."

"मग लिही की शंभर! हात झिजणार आहे का तुझा?"

"पण झालंच नव्हतं ना शंभर." खुंटीचे डोळे भरून आले होते. "माझं चुकलं असेल तर कुठे चुकलं ते दाखवा. मी लगेच खोडते."

बाई काही बोलणार, तेवढ्यात मोरीपाशी चंचुपात्रं विसळत बसलेले काका खाकरले. प्रयोगशाळेचे काका म्हणजे बाईंच्याही आधीपासून तिथे असलेला माणूस. काचेचं एकेक भांडं त्यांच्या हाताखालून गेलेलं.

"बाई, राग मानू नका," काका म्हणाले, "पण ते शंभर होतच नाही. मी तीस वर्षं बघतोय."

"तीस वर्षं? आणि बोलला नाहीत ते?"

"मला कुणी विचारलंय कधी?"

बाईंना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. मग त्यांनी पदर खोचला. "काका, बर्फ आणा. स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये असेल. आणि कपाटातले सगळे थर्मामीटर काढा. सगळे! थर्मामीटर खोटं बोलतोय की ही पोरगी, एकदाचा निकाल लावू."

बर्फ ठेचून पाण्यात घातला. खुंटीने थर्मामीटर धरला, ढवळलं, वाट पाहिली. पारा घसरत घसरत शून्यावर येऊन थांबला. दुसरा थर्मामीटर, शून्य. तिसरा अर्ध्या अंशाने चुकीचा निघाला, त्याला काकांनी बाजूला टाकलं. मग बर्नर पेटला. पाण्याला आधी बारीक बुडबुडे आले, मग मोठे, मग सगळं पात्र खदखदायला लागलं. बाई चष्मा कपाळावर सारून, वाफेत तोंड घालून वाकल्या. पंच्याण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव. पारा तिथे जो बसला तो बसला. काकांनी ज्योत मोठी केली. पाणी नुसतं जास्त जोरात उसळलं, पारा ढिम्म हलला नाही. दुसरा थर्मामीटर घातला, त्याचंही तेच.

"हवेचा दाब," बाई पुटपुटल्या आणि एकदम कपाळावर हात मारून मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई गं! हवेचा दाब!"

धडा दुसऱ्या सत्रातला. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. हे वाक्य बाईंनी चोवीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं आणि उदाहरण द्यायच्या ते कुठल्या तरी लांबच्या बर्फाळ शिखराचं. आणि शाळा कुठे होती? घाटमाथ्यावर! खालून येणारी बस दीड तास वळणं घेत चढायची, माणसांच्या कानांना दडे बसायचे. स्वतः बाई दर सुट्टीत घाट चढताना कान मोकळे व्हायला आवंढे गिळायच्या. पण तो धडा आणि हे पात्र यांची गाठ काही त्यांच्या डोक्यात पडली नव्हती.

आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना आठवलं. याच शाळेत, याच ओट्यावर, दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने सत्त्याण्णव लिहिलं होतं आणि तेव्हाच्या बाईंनी डोळे वटारताच मुकाट्याने खोडून शंभर केलं होतं. खोडरबराने कागद फाटला होता. ती मुलगी पुढे विज्ञानाची बाई झाली. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी बर्नर बंद करायच्या निमित्ताने मान वळवली.

मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं आणि हात जोडले. "बाई, परीक्षकाच्या तक्त्यात शंभर छापलंय. मुलांचे गुण जातील. कशाला नसती भानगड?"

"परीक्षकांसाठी मी बर्फ तयार ठेवते," बाई म्हणाल्या. "त्यांनीच थर्मामीटर हातात धरायचा. तरीही गुण कापायचे असतील तर आधी माझ्याशी बोलायचं."

शुक्रवारी सगळ्या वर्गाने प्रयोग पुन्हा केला. घरून आणलेल्या वह्या बाईंनी आधी टेबलावर जमा करून घेतल्या आणि कोरे कागद वाटले. वर्गात हलकल्लोळ! आकडा आता कुणाचा बघून लिहायचा? बघायला थर्मामीटरशिवाय काहीच नव्हतं. साडेशहाण्णव आलं, सत्त्याण्णव आलं, एकाचं साडेसत्त्याण्णव. एका कागदावर 'बर्नर विझला, पुन्हा पेटवला' असं वाचून बाईंचा पारा चढला.

"खरंच विझला होता," काका घाईने म्हणाले. "मी स्वतः काडी दिली."

खुंटीची वही बाईंनी सगळ्यात शेवटी घेतली. पोरगी टेबलासमोर ताठ उभी होती, हात मात्र पाठीमागे घट्ट धरलेले.

"परीक्षक गुण कापूही शकतो हं," बाई म्हणाल्या. "आज सांगून ठेवते."

"कापू देत."

बाईंनी लाल पेन बाजूला ठेवलं. खुंटीच्या कंपासपेटीतली पेन्सिल उचलली आणि स्वतःच्या सगळ्या लाल खुणांवर एकेक आडवी रेघ ओढली. मग खुंटीच्या आकड्याखाली सावकाश, शाळकरी अक्षरात लिहिलं, 'दुसरे निरीक्षण : ९७.' आणि पानाच्या वरच्या बाजूला 'तपासणार' या छापील शब्दासमोरची जागा कोरीच सोडून त्यांनी 'निरीक्षण करणार' या रकान्यात, खुंटीच्या नावाखाली, आपली सही केली.

"चालेल ना इथे?" त्यांनी विचारलं.

खुंटीने वाकून सही वाचली, पुन्हा वाचली. "चालेल," ती म्हणाली, "पण बाई, वरही एक लागेल. परीक्षेला बसायचंय मला."