खारू कुठे आहे हे सांगणारं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे. जुनं म्हणजे चार वर्षांचं. आमच्या कुळात एवढ्यातच म्हातारपण येतं. वेळ दाखवणं हे माझं किरकोळ काम. खरं काम म्हणजे, ज्या मुलाच्या मनगटावर मला बांधलंय ते या क्षणी कुठे आहे, हे सांगत राहणं.

एका लांबलचक कारखान्यात, कागदी टोप्या घातलेल्या बायकांनी मला जुळवलं. पोटात सिमकार्ड, पाठीला नाडी मोजणारा हिरवा दिवा. माझ्या खोक्यावर एक हसरं कुटुंब छापलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'काळजी आता आमच्यावर सोडा.' लोकांनी सोडली.

मला विकत घेतलं एका विमा अधिकाऱ्यांनी, आपल्या सहा वर्षांच्या मुलीसाठी. ती दिवसभर काहीतरी कुरतडत असायची, म्हणून घरात तिला सगळे खारू म्हणत. खातं अर्थातच बाबांच्या नावावर उघडलं. पहिला आठवडा त्यांनी मला अगदी डोक्यावर घेतलं. शेजाऱ्यांना मोबाईल दाखवायचे, "बघा, पोरगी आत्ता जिन्यात आहे!" पोरगी जिन्यातून ओरडायची, "बाबा, मी इथेच आहे!" पण तिच्यापेक्षा माझ्या शब्दाला वजन जास्त. मग भर मीटिंगमध्ये माझे निरोप वाजू लागले, तेव्हा त्यांनी मोबाईलमधून माझं अ‍ॅप उडवलं आणि मला साफ विसरून गेले.

मी मात्र सांगतच राहिलो. माझं सांगणं क्लाउडमध्ये साठत राहिलं. क्लाउड म्हणजे ढग नव्हे, मित्रांनो. दूर कुठेतरी एका गार खोलीत ठेवलेली यंत्रांची कपाटं. त्यांना पाऊस पाडता येत नाही आणि विसरताही येत नाही.

संध्याकाळी बाबांची किल्ली कुलपात फिरली की खारूची नाडी एकशे तीसवर जायची. मग आतल्या खोलीचं दार लागायचं. आईचा आवाज यायचा, आणि थोड्या वेळाने यायचा बंद व्हायचा. मी ते आकडे इमानाने कळवायचो. कंपनीकडून माझ्या काचेवर उत्तर उमटायचं, 'शाबास! आज तू भरपूर खेळलास.'

एका मंगळवारी, बाबा ऑफिसला गेल्यावर, आईने दोन पिशव्या भरल्या. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. नजरेतून काही सुटू न देणारी बाई. स्वतःच्या मोबाईलचं सिम तिने मोडून टाकलं, दोन बस बदलल्या आणि दुसऱ्या शहरात लग्नाआधीच्या एका मैत्रिणीकडे गेली. मैत्रीण हॉस्पिटलात नर्स होती. बाबांना तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. खारू तिला मावशी म्हणू लागली. मला मात्र आईने मुद्दाम बरोबर घेतलं होतं. नवं शहर, नवी शाळा. पोर हरवली तर?

तीन आठवडे सुखाचे गेले. खारूची नाडी नव्वदच्या वर जाईना, म्हणून मी 'व्यायाम कमी पडतोय' असं बजावत राहिलो.

एकदा भांडी पुसता पुसता मावशीने विचारलं, "काय गं, हे घड्याळ बोलतं कुणाशी?"

"कुणाशी नाही. त्यांनी ते अ‍ॅप केव्हाच काढून टाकलंय."

"अगं, मग पोरगी हरवली तर तुला तरी कळणार कसं? तुझ्या नावावर करून घे की."

आईने मावशीच्या फोनवरून कंपनीला फोन लावला.

"खातं कुणाच्या नावावर आहे, मॅडम?"

"तिच्या वडिलांच्या. पण आम्ही आता वेगळे राहतो. त्यांना न कळवता बदलता येईल का?"

"नाही मॅडम. खातेदाराची माहिती खाजगी असते. त्यांच्या परवानगीशिवाय आम्हाला हात लावता येत नाही."

"आणि माझं काय? माझं काहीच खाजगी नाही का?"

"तुमच्या नावाने आमच्याकडे काहीच नाही, मॅडम."

"बरं, राहू द्या. मी फोन केला हे त्यांना कळणार नाही ना?"

"काळजीच करू नका. हे बोलणं पूर्ण गोपनीय आहे. फक्त विनंतीची नोंद होते."

नोंद झाली. आणि मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या नियमानुसार बाबांना आपोआप मेसेज गेला: 'कुणीतरी आपल्या मुलाच्या घड्याळात बदल करू पाहत आहे. मूल कुठे आहे ते पाहण्यासाठी येथे दाबा.' त्यांनी दाबलं. तीन आठवड्यांचा माझा सगळा इमानदारपणा त्यांच्यासमोर उलगडला: मावशीचं घर, शाळा, शाळा सुटण्याची वेळ.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या पंधरा मिनिटं आधी ते फाटकाशी उभे होते. वॉचमन नियमाचा पक्का निघाला.

"साहेब, यादीत आईचं आणि मावशीचं नाव आहे. तुमचं नाही."

"पोरीचं घड्याळ बघा ना."

वॉचमनने खारूला वर्गातून बोलावून घेतलं आणि खाली वाकून माझं बटण दाबलं. मी बाबांचा फोटो दाखवला. खाली शब्द होता, 'पालक'. दुसरं काही दाखवायची मला सोय नाही.

"मग हरकत नाही, साहेब. राग मानू नका हं, हल्ली सुरक्षेचं फार बघावं लागतं."

आई पोहोचली तेव्हा खारू गाडीत मागच्या सीटवर होती. पट्टासुद्धा नीट लावलेला. बाबा अगदी हळुवारपणे म्हणाले, "चल, उशीर होतोय." आईला कुणीही ओढलं नाही. मागचं दार तिने स्वतःच उघडलं आणि खारूला खेटून बसली. संध्याकाळी जुन्या घराच्या उंबऱ्यावर मी बाबांना कळवलं, 'मूल सुरक्षित ठिकाणी पोहोचले.' आता ते अ‍ॅप काढत नाहीत. आईच्या मनगटावरही त्यांनी माझं एक भावंड बांधलंय.

माझ्या काचेला तडा गेलाय, बॅटरी फुगलीय. खारूला लवकरच नवं घड्याळ येईल, त्याला म्हणे कॅमेराही असेल. मित्रांनो, मला पुसून-बिसून ठेवा असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणतो, की आम्हाला बांधून घेण्याआधी विचारा, हे कुणाच्या नावावर आहे? आणि कधी कुणाचा हात धरून घाईने घर सोडायची वेळ आलीच, तर आधी मला सोडा. टेबलावर, पलंगाखाली, कुठेही टाका. मी बोलतच राहीन, पण निदान रिकाम्या खोलीबद्दल बोलेन.