एलियाहूची खुर्ची बडोद्यालाच राहिली

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. पण मित्रांनो, माझ्यावर आजवर एकही मोठा माणूस बसलेला नाही. मी राखीव आहे! बेने इस्राएल ज्यू लोकांची श्रद्धा अशी की, मुलाची आठव्या दिवशी सुंता होते तेव्हा प्रेषित एलियाहू नबी अदृश्य रूपाने तिथे येतात. त्यांच्यासाठी मी. बाळाला आधी घटकाभर माझ्यावर ठेवतात, मग विधी होतो आणि नाव ठेवतात. त्यामुळे माझ्या अंगी थोडा तोरा आहे, आणि तो मी लपवत नाही.

बडोद्याजवळच्या पादरा गावातल्या एका सुताराने मला घडवले. कोकणातून बडोदा संस्थानच्या नोकरीला आलेली ज्यू कुटुंबे तेव्हा दांडिया बाजारात माडीवरच्या एका खोलीत प्रार्थनेला जमत. पुढे त्यांनी जवळच स्वतःचे सिनेगॉग बांधले. रंगीत काचा, अखंड तेवणारा दिवा आणि मानाच्या जागी मी! किती बाळांनी माझ्यावर भोकाड पसरले म्हणून सांगू! त्यांतलाच एक सिमसन चेऊलकर.

मग एकेक कुटुंब इस्राएलला गेले. छप्पर गळू लागले, भिंती खचल्या आणि इमारत पाडावी लागली. धर्मग्रंथाची गुंडाळी अहमदाबादच्या सिनेगॉगमध्ये गेली. मला मात्र सिमसनने सिनेगॉगच्या शेजारी राहणाऱ्या श्रीपतरावांकडे ठेवले. "परत न्यायला येईन," एवढेच तो म्हणाला.

श्रीपतराव शिपाईगड्यांच्या घराण्यातले. दिलेला शब्द मोडणे त्यांना ठाऊक नव्हते. घरात पाहुण्यांची दाटी झाली तरी लोक सतरंजीवर बसत, माझ्यावर नाही. त्यांच्या पत्नी चिमणाबाई तर दर दसऱ्याला मला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालत! मला अगदी अवघडल्यासारखे होई. पण माझे खरे दुःख वेगळेच होते. वर्षांमागून वर्षे गेली, पण बाळ काही आले नाही. माझी आता कुणालाच गरज उरली नाही, असे वाटून मी फार खिन्न होई.

यंदा मात्र उरलेल्या कुटुंबांनी मिळून बडोद्यातच समा भागात प्रार्थनेसाठी एक हॉल घेतला. त्याच सुमारास सिमसनची नात शलाका हिला माहेरी, बडोद्यात, मुलगा झाला. सासरची माणसे म्हणाली, ठाण्याला चला, तिथल्या सिनेगॉगमध्ये सगळी सोय आहे. म्हातारा सिमसन उसळला, "मग हॉल काय टाळं लावायला घेतलाय? पहिलंच पोर बाहेर नेलं, तर पुढे इथे कोण येणार? बडोद्याचं पोर बडोद्यातच!"

आणि तो मला न्यायला आला. माझ्या पाठीवरचे कुंकू पाहून थबकला.

"वहिनी, आमच्यात खुर्चीची पूजा करत नाहीत हो!"

चिमणाबाई ओशाळल्या. "मला काय ठाऊक, भावजी? तुमचा देवमाणूस इतकी वर्षं आमच्या घरी. त्याला सणासुदीला तसाच ठेवायचा?"

सिमसन हसता हसता रडू लागला. मग त्याने स्वतःच्या रुमालाने ते कुंकू हळूच पुसले आणि रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला. श्रीपतराव म्हणाले, "चालो, टेम्पो आलाय. पण खुर्चीला मीच धरून बसणार."

आठव्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अहमदाबादहून माणसे आली, ठाण्याची सासरची मंडळीही आली. शलाका चिमणाबाईंना म्हणाली, "आजी, एलियाहू नबींना तुम्ही सांभाळलंत. दारापासून खुर्चीपर्यंत बाळाला तुम्हीच आणा."

चिमणाबाईंनी बाळाला आणून माझ्यावर ठेवले. बाळाने डोळे मिटून असे भोकाड पसरले की सिमसनची आठवण यावी! नंतर नाव जाहीर झाले, एलियाहू. सगळा हॉल 'मझल टोव', म्हणजे अभिनंदनाच्या, गजराने दणाणला. मित्रांनो, मी जिंकले! आम्ही सगळेच जिंकलो!

तुमच्या घरी कुणी विश्वासाने एखादी वस्तू ठेवली असेल, तर तिला अडगळ म्हणू नका. ती ज्याची वाट बघतेय ते बाळ कदाचित अजून जन्मायचे असेल. आणि समाला आलात, तर मला भेटायला नक्की या. मलिद्याचा प्रसाद पोटभर खा. पण बसायला शेजारचे बाक आहेत. माझ्यावर नाही!