कसा माणूस होता?

बेगायिमच्या पहिल्या दोन भयपटांत माणसं भराभर मेली होती आणि बिश्केकच्या समीक्षकांना ती आवडलीही होती. लघुपटच ते, उसन्या कॅमेऱ्यावर, मित्रमंडळींना धरूनबांधून काढलेले. त्यांवर कुणी चार ओळी लिहिल्या तरी माणूस हुरळतो. पण अल्माटीच्या एका समीक्षक बाईने स्तुतीच्या शेवटी एक वाक्य टाचणीसारखं खोचून ठेवलं होतं: ‘हिच्या चित्रपटात माणसं मरतात, पण कुणी कुणाला मारलंय असं वाटत नाही.’ स्तुती बेगायिम विसरली. ती टाचणी घेऊन ती नारीनच्या डोंगरात, आईच्या माहेरी येऊन थडकली.

तिसऱ्या लघुपटाची कल्पना मात्र खरोखर झकास होती. मयत झालं की कफनात गुंडाळलेलं प्रेत पुढे ठेवून पुरुष रांगेत उभे राहतात, मुल्ला विचारतो, ‘हा कसा माणूस होता?’ आणि सगळे म्हणतात, ‘चांगला माणूस होता.’ चोर असो, साधू असो, उत्तर ठरलेलं. बेगायिमच्या लघुपटात उत्तर कुणीच देणार नव्हतं. त्या शांततेत प्रेताच्या तोंडावरचं कापड हळूहळू आतबाहेर व्हायला लागणार होतं.

गावच्या मुल्लाने असल्या पापाला साफ नकार दिला, म्हणून गुरांचे निवृत्त डॉक्टर जुमाबाय यांना फेटा बांधला. दाढी त्यांची मुल्लापेक्षा बरी होती. जिवंतपणी कफनात शिरायला मात्र कुणी तयार होईना. शेवटी तिचा तबाल्दीमामा म्हणाला, “मी झोपतो. मला उचलायची अजून कुणाची छाती झालेली नाही, त्या वरच्याचीही नाही.”

ते खरंच होतं. मेंढ्यांचा सरकारी फार्म होता तेव्हा मामा तिथला मुकादम होता. फार्म मोडला तेव्हा वाटणीही त्यानेच केली. चांगला कळप त्याच्या वाड्यात गेला आणि ज्याने तोंड उघडलं त्याच्या पाठीवर चाबूक उतरला. अजूनही तो आत आला की माणसं उठून उभी राहत. मनापासून की पाठीच्या सवयीने, ते कुणी विचारत नसे. बेगायिमच्या आईच्या मानेवरही एक जुना वळ होता. लेकीने तो लहानपणापासून पाहिला होता आणि मामाला तरीही घेतलं होतं. चेहरा झाकलेला असला तरी धाक दिसायला हवा होता तिला.

कफन डोक्याशी आणि पायांशी बांधलं. हात आत, अंगाशी आवळलेले.

“पोरी, आटप लवकर,” आतून आवाज आला. “नाक खाजतंय.”

कॅमेरा सुरू झाला. जुमाबायनी विचारलं, “हा कसा माणूस होता?”

“चांगला माणूस होता,” सगळी रांग एका सुरात म्हणाली.

“काका, गप्प राहायचंय ना?”

“अगं, तोंडातून आपोआप येतं.”

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एक म्हातारा कुरकुरला, “मयतापुढे मुकाट उभं राहणं बरं दिसत नाही, बाळ.”

“बोलू दे की त्यांना,” कफन म्हणालं. “खरं तेच बोलतायत.”

रांग हसली. रांगेतला कादिर तेवढा हसला नाही.

बेगायिमने मग एक युक्ती केली. रांगेतून फिरत ती प्रत्येकाला हलक्या आवाजात म्हणाली, “या माणसाने तुमचं खरंच काय केलंय, ते आठवा. बोलू नका. नुसतं आठवा.”

शांतता आली. अशी आली की कॅमेरा चालवणाऱ्या आझिमने श्वास रोखला. जुमाबायनी प्रश्न विचारला. कुणी बोलेना. मग त्यांनी तो दुसऱ्यांदा विचारला, आणि ते कुणीच सांगितलेलं नव्हतं.

“माझ्या बापाला याने दुकानासमोर गुडघ्यांवर बसवून मारलं,” कादिर म्हणाला, साध्या आवाजात, पत्ता सांगावा तसा. “नंतर बाप मरेपर्यंत घराबाहेर पडला नाही.”

“कोण ते? कादिर का रे?” कफन हललं. “थांब, बाहेर येऊ दे मला. बापासारखाच तुलाही—”

कादिरचा बूट त्या शब्दावर बसला. कापड तोंडात गेलं आणि लाल होऊन बाहेर आलं. रांग मोडली. कुणी बरगडीत लाथ घातली, कुणी पोटात. एकाने मामाने काढून ठेवलेल्या बुटातला त्याचाच चाबूक आणला आणि दोन्ही हातांनी चालवला. कफनातला माणूस अळीसारखा वळत होता, हात शोधत होता आणि हात त्याला सापडत नव्हते. हाड मोडल्याचा आवाज आला, ओली काटकी मोडावी तसा. शिवीगाळ कुणीच करत नव्हतं. कामाला लागल्यासारखे मारत होते.

आझिमने बेगायिमकडे पाहिलं. ‘थांबा’ एवढा एकच शब्द बोलायचा होता तिला. ती त्याच्या कानाशी वाकली.

शेवटी जुमाबाय फेट्यासकट प्रेतावर आडवे पडले. “बस करा. मरतोय तो.”

माणसं थांबली, कालव्यावर हात धुऊन घरोघर गेली.

मामा मेला नाही. डावा डोळा गेला, जबडा आणि बरगड्या मोडल्या. तो शुद्धीवर यायच्या आत कादिर बेगायिमकडे येऊन गेला. “ते पुसून टाक. पोरंबाळं आहेत आमची. त्याने पाहिलं तर एकेकाला गाठून मारेल.”

“पुसते,” ती म्हणाली. पुसलं नाही. ते रोज पाहत होती, आणि पाहताना अल्माटीच्या बाईचं ते वाक्य आता तिला टोचत नव्हतं.

मामाने तिला बोलावलं तेव्हा कॅमेरा त्याच्या मांडीवर होता. आझिम झोपलेला असताना मामीने तो काढून आणला होता. बाजूला सरपणाची कुऱ्हाड होती.

“तोंडावर कापड होतं,” मामा बांधलेल्या जबड्यातून म्हणाला. “मला कुणी दिसलं नाही. याला दिसलंय. दाखव, नाहीतर याच्या ढलप्या करतो.”

बेगायिमने मनात पटकन हिशोब मांडला. मारलं होतं गावाने, तिने नाही. दुसरी प्रत नव्हती.

“एकदाच दाखवीन. मग यातलं कार्ड माझं.”

“तुझं. शब्द दिला.”

तिने लावलं. मामा एका डोळ्याने पाहत होता आणि एकेक बोट मिटत होता. “हा कादिर. हा सुलतान. हा माझा जावई. बूट बघ, मी दिलेलेच घातलेत.”

मग त्या लाथांच्या आवाजात, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, एक कुजबुज ऐकू आली: “जवळ जा. अजून जवळ. कापडावरचं रक्त दिसू दे.”

मामाचं बोट थांबलं. “परत लाव.”

“एकदाच ठरलं होतं, मामा.”

“परत लाव.”

तिने लावलं. मामाने शेवटपर्यंत ऐकलं आणि राहिलेलं बोटही मिटलं. कार्ड काढून त्याने तिच्या उजव्या तळहातावर ठेवलं, तिची बोटं त्यावर मिटवली, पण मनगट सोडलं नाही. तिची मूठ त्याने उंबऱ्याच्या लाकडावर टेकवली.

“मामा,” ती म्हणाली.

“शब्द म्हणजे शब्द. कार्ड तुझं.” दुसऱ्या हाताने त्याने कुऱ्हाड ओढली आणि पातं वर, बोथट बाजू खाली केली. “दुसऱ्या हातात घे ते. मोडेल.”

बेगायिमला हात हिसडता आला असता. मामाच्या अंगात तेवढं बळ राहिलं नव्हतं. पण त्या ओढाताणीत कार्ड पडलं असतं, शेजारच्या पेटत्या चुलीत गेलं असतं. तिने मूठ उघडली, कार्ड डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात तिथेच राहू दिला.